प्रादेशिक विमानकंपनीतील वैमानिकाची नोकरी : एक हिशेब

सांबऱ्याच्या बाजूला ज्यांची घरे अगर शेते आहेत, त्यांना हे सांगावयास नको की अलीकडे आपल्या आकाशात लहान विमानांची वर्दळ फार वाढली आहे. सकाळच्या पहिल्या तासाला मी वर्गात समीकरणे घालीत असतो, तेव्हा एखादे शिकाऊ विमान घरघरत वरून जाते आणि चाळीस माना एकदम खिडकीकडे वळतात. मुलांना मी रागावत नाही. माझी मान देखील वळते.

सांबऱ्याचा हा तळ नवा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिशांच्या हवाईदलाने तो बांधला. पुढे भारतीय हवाईदलाची जवानांना शिक्षण देणारी शाळा तेथे आली, आणि तिच्यामुळे सांबरा हे नाव देशभर माहीत झाले. नागरी वाहतुकीचे नवे टर्मिनल सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. शिकाऊ विमाने आली ती त्याहून मागाहून : विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये उड्डाणशाळांसाठी देशात जी पाच गावे निवडली, त्यांत बेळगाव होते, खानदेशातले जळगावही होते. तेव्हापासून विमान ही वस्तू आपल्या मुलांना गोष्टीतली राहिलेली नाही. ती गल्लीच्या डोक्यावरून जाते, आणि ती चालविणारा मुलगा संध्याकाळी आपल्याच चहाच्या गाडीवर उभा असतो.

त्याचा परिणाम आपल्या ट्रस्टच्या शिक्षण समितीवर झाला. पूर्वी अर्ज येत ते डी. एड., इंजिनिअरिंग, नर्सिंग यांसाठी. गेल्या वर्षी एका मुलीचा अर्ज आला तो वैमानिक होण्यासाठी. तिचे वडील स्वतः मला भेटावयास शाळेत आले. रस्त्यालगतची एक एकर जमीन त्यांना विकावयाची होती, उरलेले कर्ज बँकेकडून घ्यावयाचे होते, आणि ट्रस्टने हातभार लावावा एवढीच त्यांची विनंती होती. म्हणाले, "सर, आपल्याच भागातल्या कंपनीची विमाने इथनं उडतात. पोरगी शिकली तर तिथंच लागेल न्हवं? काय ते सांगा की सर." मी गणिताचा शिक्षक. मला एकदम हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. मी त्यांच्याकडे आठ दिवस मागून घेतले आणि हिशेब मांडला. तो समितीपुढे ठेवला होताच. चिटणीसांच्या सूचनेवरून आता या स्मरणिकेत देत आहे, कारण असे वडील आपल्यात आणखीही असतील.

प्रथम प्रादेशिक विमानकंपनी म्हणजे काय ते पाहू. मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या शहरांमध्ये १८० ते २२० माणसांची विमाने दिवसभर ये-जा करतात. बेळगाव, कोल्हापूर, नांदेड, सिंधुदुर्ग, जळगाव अशा गावांना एवढे प्रवासी मिळत नाहीत. तेथे पन्नास ते पाऊणशे आसनांची विमाने परवडतात, आणि अशी विमाने चालविणारी ती प्रादेशिक कंपनी. आपल्या वाचकांच्या ओळखीची म्हणजे स्टार एअर. कोल्हापूरच्या घोडावत उद्योगसमूहाची ही कंपनी असून तिची सेवा जानेवारी २०१९ मध्ये बेंगळुरू-हुबळी मार्गाने सुरू झाली. तिच्याजवळ पन्नास आसनांची एम्ब्राएर १४५ व शाहत्तर आसनांची एम्ब्राएर १७५ ही ब्राझील देशात बनलेली जेट विमाने आहेत. दुसरी शेजारच्या गोव्याची, फ्लाय नाइंटीवन. मोपा विमानतळावरून मार्च २०२४ मध्ये तिने आरंभ केला. तिची विमाने एटीआर ७२, म्हणजे पंख्याची. अलायन्स एअर ही सरकारी मालकीची कंपनीही मुख्यतः एटीआरच चालविते.

या कंपन्यांचे गणित मोठ्या कंपन्यांहून निराळे आहे, आणि नोकरीचा विचार करताना तेच प्रथम समजून घ्यावयास हवे. लहान विमानाला वैमानिक दोनच लागतात, पण मोठ्यालाही दोनच लागतात. पगार दोन माणसांचा, तिकिटे मात्र तिसऱ्या हिश्शाने. म्हणून २०१६ मध्ये केंद्र सरकारने 'उडान' योजना काढली. सुमारे एक तासाच्या प्रवासाला कांही आसनांचे भाडे प्रारंभी २,५०० रुपयांवर बांधून दिले, आणि कंपनीला येणारी तूट भरून देण्याचे मान्य केले. परंतु ही मदत एका मार्गावर तीन वर्षेच मिळते. तीन वर्षांत मार्ग आपल्या पायांवर उभा राहिला तर ठीक, नाहीतर विमान दुसऱ्या गावी जाते. बेळगावहून थेट कोठकोठे जाता येत असे आणि त्यांतले काय बंद पडले, हे इंदूर-अहमदाबादकडे सोयरिकी असलेल्या मंडळींना चांगले ठाऊक आहे. मार्ग गेला म्हणजे विमान गेले, आणि विमानाबरोबर वैमानिकाचा तळही गेला.

कंपन्याच गेल्याची उदाहरणेही कमी नाहीत. वायुदूत ही सरकारी प्रादेशिक कंपनी १९८१ मध्ये निघाली व १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. एम्ब्राएर विमाने आणणारी दक्षिणेतील पॅरामाउंट २०१० मध्ये थांबली. विजयवाड्याची एअर कोस्टा २०१३ मध्ये सुरू होऊन २०१७ मध्ये बंद पडली. बेंगळुरूची एअर पेगासस सव्वा वर्ष चालली. हैदराबादची ट्रूजेट २०१५ पासून २०२२ पर्यंत तगली. हैदराबादचा उल्लेख आला म्हणून सांगतो : निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीत १९४५ मध्ये तेथे डेक्कन एअरवेज निघाली होती, आणि प्रेम माथूर या बाईंना इतर कंपन्या घेत नसता त्याच लहान कंपनीने वैमानिक म्हणून घेतले. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये गेली. लहान कंपन्यांचे आयुष्य अल्प असले, तरी मोठ्यांनी न उघडलेली दारे पुष्कळदा त्यांनी उघडली आहेत. हेही जमेला धरले पाहिजे.

आता प्रत्यक्ष जागांचा हिशेब. एक विमान दिवसाला नऊ तास हवेत असते असे धरू. वर्षाचे तास झाले ३,२८५. वैमानिकाला कायद्याने वर्षात एक हजार तासांहून अधिक उडता येत नाही. रजा, सक्तीची विश्रांती, सिम्युलेटरवरील परीक्षा, आजारपण वजा जाता व्यवहारात सातशे तास पदरात पडतात असे समजा. ३,२८५ ला ७०० ने भागले तर उत्तर पावणेपाचाच्या आसपास येते. म्हणजे एका विमानामागे पाच जोड्या. पाच कमांडर आणि पाच सहवैमानिक. दहा विमानांच्या कंपनीत सहवैमानिकांच्या एकूण जागा झाल्या पन्नास. वर्षाला दोन नवी विमाने आली तर दहा जागा वाढतील, आणि पन्नासांतले दहा जण बढतीने अगर दुसरीकडे गेले तर दहा रिकाम्या होतील. एकूण वीस. हे आकडे माझ्या पाटीवरचे आहेत, कोणा कंपनीचे नव्हेत. पण यांत दुपटीची चूक धरली तरी संख्या चाळिसाच्या वर जात नाही. आणि या वीस-चाळीस जागांवर अर्ज करणारे किती? देशात २०२३ या एका वर्षात १,६२२ व्यावसायिक वैमानिक परवाने दिले गेले. तो त्या वेळेपर्यंतचा उच्चांक होता. मागील वर्षांचे उरलेले उमेदवार वेगळेच.

तेव्हा "पोरगी इथंच लागेल न्हवं?" याचे उत्तर असे, की लागेलही, पण तेवढ्या एका भरवशावर जमीन विकू नये.

वाचक म्हणतील, वर्तमानपत्रांत तर वैमानिकांचा तुटवडा असल्याचे येते. तेही खोटे नाही. इंडिगोने २०२३ मध्ये एकदम पाचशे विमानांची मागणी नोंदविली, त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० ची. २०२५ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी सांगितले की येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला तीस हजार वैमानिक लागतील. परंतु आकडा वाचताना त्याच्या शेजारचा शब्दही वाचावा, असे मी मुलांना नेहमी सांगतो. येथे तो शब्द 'पंधरा-वीस वर्षांत' हा आहे. बँकेचा हप्ता तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरू होतो. शिवाय मागणी केलेली विमाने कारखान्यातून कधी येतील ते कंपनीच्या हाती नसते, आणि विमान आल्यावाचून भरती होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तुटवडा आहे तो मुख्यतः कमांडरांचा. डाव्या आसनावर बसणाऱ्या कमांडरला वेगळा, वरचा परवाना लागतो. त्यासाठी किमान १,५०० तासांचे उड्डाण हवे, आणि कंपन्या बहुधा त्याहून पुष्कळ अधिक मागतात. नव्या परवानाधारकाजवळ असतात दोनशे तास. शाळेत मुख्याध्यापक मिळत नाही म्हणून नुकत्याच बी. एड. झालेल्याला कोणी त्या खुर्चीवर बसवीत नाही, तसेच हे. प्रादेशिक कंपनीची अडचण तर दुहेरी असते. तिने तयार केलेला कमांडर मोठी कंपनी अधिक पगाराने उचलून नेते. म्हणूनच २०१७ पासून सहवैमानिकाला सहा महिन्यांची व कमांडरला एक वर्षाची पूर्वसूचना देण्याचा नियम झाला. कमांडर गेला की नवा सहवैमानिक घेऊनही विमान उडविता येत नाही. म्हणजे वरची जागा रिकामी झाली तर खालची भरती वाढण्याऐवजी कधी कधी थांबतेच. हे प्रथम वाचताना उलटे वाटते, पण विचार केला म्हणजे पटते.

भरतीला अनुकूल असा एक बदल अलीकडे झाला आहे. वैमानिकांचा थकवा कमी व्हावा म्हणून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या उतरणीवर मर्यादा घालणारे नवे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांनी अमलात आले. पुरेसे वैमानिक हाताशी नसले म्हणजे काय होते ते त्या वर्षीच्या डिसेंबरात देशाने पाहिले : सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, लग्नाची वऱ्हाडे विमानतळांवर बसून राहिली, आणि तिला नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. या नियमांमुळे एका विमानामागच्या माझ्या पाच जोड्यांच्या सहा झाल्या, तर दहा विमानांमागे दहा सहवैमानिक वाढतील. लहान वाटले तरी ही वाढ खरी आहे, कागदावरची नव्हे.

आता खर्च. येथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण घरे बुडतात ती येथे.

परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते. पैकी शंभर तास एकट्याच्या जबाबदारीवरचे, वीस तास दूरच्या मार्गावरचे, आणि कांही रात्रीचे. भारतात हे सर्व चाळीस ते साठ लाखांच्या दरम्यान जाते. सोपा हिशेब करावा म्हणून पन्नास लाख धरू. साडेदहा टक्के दराने, दहा वर्षांच्या मुदतीने याचा हप्ता महिन्याला सुमारे ६७,५०० रुपये येतो आणि एकूण फेड सुमारे ८१ लाखांची होते. हप्ता सुरू होण्यापूर्वीही व्याज चढतच असते. नोकरीवाचून गेलेले एक वर्ष म्हणजे सव्वापाच लाख रुपये. व्याजाचा व्यवहारच ज्यांना नको असतो अशी आमच्यासारखी घरे जमीन विकून मोकळी होऊ पाहतात, पण गेलेली जमीन परत येत नाही हेही एक प्रकारचे व्याजच. ट्रस्टच्या बिनव्याजी कर्जाची कमाल रक्कम या खर्चाच्या पासंगालाही पुरत नाही, हे समितीने मोकळेपणाने कबूल केले आहे.

परवाना हाती आला म्हणजे सर्व झाले असे नाही. प्रत्येक जातीच्या विमानासाठी वेगळे शिक्षण घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्याचा खर्च पुन्हा दहा-वीस लाखांच्या घरात जातो. कांही कंपन्या तो स्वतः करतात आणि कांही वर्षांचा करारनामा लिहून घेतात, कांही उमेदवाराला करावयास लावतात. येथे प्रादेशिक कंपन्यांची एक खोच आहे. एम्ब्राएरचे रेटिंग घेतलेल्याला भारतात दारे फार थोडी आहेत, कारण ती विमाने नियमित प्रवासी सेवेत वापरणाऱ्या कंपन्याच थोड्या. एटीआरचे रेटिंग त्या मानाने बरे, कारण फ्लाय नाइंटीवन, अलायन्स एअर यांच्याखेरीज इंडिगोचाही एटीआरचा मोठा ताफा आहे. एअरबस ३२० च्या जागा सर्वांत अधिक, पण ते रेटिंग स्वखर्चाने घेऊन बसलेले उमेदवारही सर्वांत अधिक. म्हणून नेमणुकीचे पत्र हाती नसता स्वतःच्या पैशाने कोणतेही रेटिंग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत मला स्वस्तात मिळालेले नाही. माझा एक हुशार विद्यार्थी २०१५ मध्ये बारावी होऊन परराज्यातील एका उड्डाणशाळेत गेला. निरोपसमारंभात त्याला गुच्छ देऊन "घराण्याचे नाव आकाशात ने" असे म्हणणारा मीच होतो. दोन वर्षांचे शिक्षण साडेचार वर्षे चालले. कधी विमान दुरुस्तीला, कधी शिक्षक नोकरी सोडून गेलेला, कधी पावसाळा. परवाना हाती आला तो फेब्रुवारी २०२० मध्ये. पुढच्याच महिन्यात देशातली सारी प्रवासी विमाने जमिनीवर उतरली. आदल्या वर्षी जेट एअरवेज बंद पडल्याने अनुभवी वैमानिक आधीच रांगेत होते. एका मध्यस्थाच्या शब्दावर विसंबून त्याने मोठ्या विमानाचे रेटिंग घेतले. नोकरी "ठरलेली" होती, ती झाली नाही. उड्डाणात खंड पडला म्हणजे परवाना चालू ठेवण्यास पुन्हा तास विकत घ्यावे लागतात, तेही त्याने घेतले. आज तो उड्डाणशाळेत शिक्षक आहे, तास जमवीत आहे, आणि मार्गाला लागेलही. मात्र त्याचे वडील मला बाजारात भेटतात तेव्हा आम्ही दोघेही पावसापाण्याचे बोलतो.

म्हणून या धंद्यात जाऊच नये काय? तसे मी म्हणत नाही. प्रादेशिक कंपनीत ज्याला प्रवेश मिळाला त्याचे शिक्षण उत्तम होते. दिवसात चार ते सहा वेळा चढणे-उतरणे, आखूड धावपट्ट्या, घाटावरचे ढग, जून-जुलैतील कोकणचा पाऊस. मोठ्या विमानावर एका लांब फेरीत जे एकदा करावयास मिळते ते येथे दिवसभर हाताखालून जाते. कंपनी लहान म्हणून बढतीची रांगही आखूड असते. तास भरले की कमांडरच्या आसनाची संधी लवकर येते. आणि एकदा तो शिक्का बसला की आयुष्याचा प्रश्न मिटल्यासारखाच, कारण वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत हे काम करता येते. मुलींच्या पालकांनी तर बिचकू नये. आपल्या सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये फोकर विमान कोलकात्याहून सिलचरला नेले, ते केवळ स्त्री वैमानिकांनी चालविलेले उड्डाण होते. आज भारतात वैमानिकांमध्ये स्त्रिया शेकडा पंधराच्या आसपास आहेत, जगात त्या पाचाच्या आसपास.

प्रश्न धंद्याचा नाही, पैसे कोणत्या क्रमाने घालावयाचे याचा आहे. बहुतेक घरे आधी उड्डाणशाळेची फी भरतात आणि वैद्यकीय तपासणी व लेखी परीक्षा मागाहून पाहतात. हा क्रम उलटा हवा. प्रथम दुसऱ्या श्रेणीची, मग पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी. रंगांधत्व, कानाचा दोष, हृदयाची एखादी बारीक खोड येथेच कळते, आणि ती कांही हजारांत कळलेली बरी. मग लेखी विषय : दिशाज्ञान, हवामानशास्त्र, नियम, विमानाचे तांत्रिक ज्ञान. प्रत्येकात शेकडा सत्तर गुण हवेत. बारावीचे भौतिकशास्त्र व गणित नीट झालेला मुलगा घरी अभ्यास करूनही हे विषय काढू शकतो, आणि ज्याला वर्षभर झटूनही ते निघत नाहीत त्याची जमीन वाचते. याच काळात उत्तर प्रदेशातील फुर्सतगंज येथील केंद्र सरकारच्या उड्डाण अकादमीची प्रवेशपरीक्षा द्यावी, आणि मोठ्या कंपन्यांच्या शिकाऊ वैमानिक योजनांसाठीही बसावे. योजना स्वस्त नसतात, पण त्यांत नोकरीचा धागा निदान एका टोकाला बांधलेला असतो. एवढे झाल्यावर उड्डाणशाळा निवडावी. निवडताना जाहिरात न वाचता तेथील तीन विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे, की गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले? दहाच्या खाली उत्तर आले तर दोनशे तासांना किती महिने लागतील, हा भागाकार पाचवीच्या मुलालाही येतो.

विमानतळावर वैमानिकाखेरीज इतरही कामे आहेत हे मी त्या वडिलांना सांगितले. विमान दुरुस्तीचा परवानाधारक अभियंता, उड्डाणाचा आराखडा करणारा डिस्पॅचर, विमानतळ प्राधिकरणाचा वाहतूक नियंत्रक. यांना खर्च त्या मानाने फार कमी, आणि नियंत्रकाची नोकरी तर सरकारी परीक्षेने मिळते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पण मुलीने ऐकले नाही. ती म्हणाली, "सर, खिडकीतनं मी त्यांच्याकडं बघितलंच नाही कधी." यावर मला उत्तर सुचले नाही.

समितीने शेवटी असे ठरविले, की ट्रस्टने उड्डाणाच्या फीसाठी तूर्त कांही देऊ नये, परंतु वैद्यकीय तपासणीचा, पुस्तकांचा व लेखी परीक्षांचा संपूर्ण खर्च, कर्ज म्हणून नव्हे तर अनुदान म्हणून द्यावा, आणि सर्व विषय निघाल्यावर अर्ज पुन्हा पुढे घ्यावा. दोन सभासदांचे मत याविरुद्ध होते आणि तशी नोंद इतिवृत्तात आहे. मुलीच्या दोन्ही वैद्यकीय तपासण्या निर्दोष झाल्या. नियम व हवामानशास्त्र हे विषय निघाले. दिशाज्ञानात तीन गुण कमी पडले, ती पुन्हा बसणार आहे. रविवारी सकाळी ती माझ्याकडे वाऱ्याच्या त्रिकोणाची उदाहरणे सोडवावयास येते. जमीन अद्याप वडिलांच्या नावावर आहे, आणि यंदा तीत सोयाबीन आहे.